रंगाऱ्याची बायको

मंगळवार, ३ मार्च

प्रिय धाकटेसाहेब,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडेही तसंच असेल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इकडे काहीही ठीक नाही.

आईची तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती स्वतः जास्त कुरकुरते. तू पाठवलेली गरम पाण्याची पिशवी मिळाली. ती रोज वापरते आणि रोज म्हणते, "त्याला कळव, पिशवी गळते, येऊन बदलून दे." पिशवी गळत नाही. कळव म्हणाली, कळवलं. पुढचं तुझं तू बघ.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. एक तर मला चित्र काढून विचारायचंय. दुसरं म्हणजे फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस. आईच्या गोळ्या संपल्या, हं. छत गळतंय, हं. सतरा वेळा 'हं' ऐकलं की माझं डोकं फिरतं. पत्राला निदान वाक्यात उत्तर द्यावं लागतं.

तर ऐक. नव्या विज्ञान दालनाचं काम आपल्या कारखान्याला मिळालंय. आजवर आपण डोळे केले, कान केले, दाताच्या कवळीएवढ्या बेडकापासून माणसाएवढ्या हृदयापर्यंत सगळं शाळा-कॉलेजांना करून दिलं. बाबांनी केलेला लाकडी कान अजून तीन शाळांत आहे आणि अजून उघडतो. आता यांना हवाय विषाणू. छातीएवढा उंच, उघडणारा, आतलं सगळं दिसणारा. तुझ्या धंद्यातली वस्तू. मी हो म्हटलं आणि फसले.

काम करणारी माणसं कमी आणि डोकी जास्त. दालनाची समिती तिघांची आहे. अध्यक्ष आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधत होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूत पाणी कुठून येतं आणि कुठून जातं हे कळायला हवं असतं. पहिल्याच बैठकीत मी पुठ्ठ्याचा नमुना नेला, तर त्यांनी चहूबाजूंनी फिरून विचारलं, याचं तोंड कुठे? तोंड नाही म्हटलं. मग खातो कुठून? खात नाही. श्वास? तोही नाही. वाढतो तरी? वाढत नाही. एकटा असला तर हलतसुद्धा नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग हा दिवसभर करतो काय?" दुसऱ्या बाई शाळेत शिकवतात, त्यांना तो लाल हवा. हिरवा म्हटला तर मुलं घाबरणार नाहीत म्हणे. तिसरे गृहस्थ फक्त मान हलवतात, आणि तीही दोघांकडे बघून, दोन्ही दिशांना.

बरं, बाहेरचे शहाणे कमी म्हणून घरचे आहेतच. आपला सुतार, ठोकळा, बाबांच्या हाताखालचा, आता पासष्टचा झालाय आणि ऐकू येणं त्याच्या मर्जीवर आहे. त्याला तुझं ते जुनं चित्र दाखवलं: वीस सारखे त्रिकोण, एका टोकाला पाच पाच, की आपोआप बंद गोळा होतो. त्याने एका टोकाला सहा जोडले. का, तर पाच हा आकडा लंगडा, सहा मजबूत. चार दिवस तो आणि मी ते त्रिकोण वाकवतोय आणि ते काही केल्या वाकत नाहीत. सहा जोडले की फळी सपाटच राहते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. चार दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेत नवा शोध लागला: विषाणू म्हणजे टेबल. त्यावर आम्ही चहा प्यायलो.

तेव्हा मला लिहून कळव. कवच कशाचं असतं, सगळं एकाच पदार्थाचं की तुकड्यातुकड्यांचं? आत काय ठेवायचं आणि किती? बाहेरचे काटे कवचाला चिकटलेले असतात की वरच्या आवरणाला? आणि सजीव की निर्जीव, ते एका शब्दात सांग. अध्यक्षांना पाटीवर एकच शब्द हवाय.

खरं तर तू स्वतःच येऊन बघितलंस तर एका तासाचं काम आहे. अकरा वर्षं झाली. आत्या बोलली ते बोलली. तिचं ते जुनं पुराण आहे: धाकट्याने शाळेतून कांजिण्या आणल्या, बापाला कुशीत शिरून शिरून दिल्या आणि बाप नवव्या दिवशी गेला. अडतीस वर्षं तेच दळण दळतेय. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर दळलं, तू ताटावरून उठलास आणि गेलास तो गेलास. मीही समोरच बसले होते, पण भरल्या पंगतीत कशाला वाद वाढवायचा म्हणून गप्प राहिले. तू तरी इतकं मनाला लावून घ्यायचं? विषाणूंच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस तू, आत्याच्या बोलण्याने घर सोडतोस.

बाकी माझं म्हणशील तर पाठ धरलीय. डाव्या बाजूला, बरगडीपासून मागे मणक्यापर्यंत. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. ते सपाट विषाणू उचलून उचलून उसण भरली असणार.

लौकर लिही.

तुझी,
ताई

ता. क. एक राहिलंच. आपल्या रंगाऱ्याच्या बायकोला नागीण झालीय. डॉक्टरांनी विचारलं, कांजिण्या कधी झाल्या होत्या? ती म्हणाली, कधीच नाही. तर डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले म्हणे. असं होऊ शकतं का? तुला माहीत असेल म्हणून विचारतेय. घाई नाही.

•

मंगळवार, १७ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पाच पानं! आईने पाकीट हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं, यात माझं किती? तुझ्या पाच पानांत आईच्या वाट्याला दीड ओळ आहे. मी मोठ्याने वाचताना ती सहा ओळींची केली. जमलं तर पुढच्या वेळी माझं काम कमी कर.

तुझं समजावणं मात्र मान्य. कवच एकसंध नसतं, प्रथिनांचे एकाच नमुन्याचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडून होतं, कारण सूचना लिहायला आत जागाच कमी. एकच वीट शिकायची आणि तिचंच घर बांधायचं. हे ठोकळ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, गरिबाघरचा दिसतोय. आता तो त्याच्याशी आदराने वागतो. पाच पाच त्रिकोणांनी गोळा बंद झाला तेव्हा त्याने त्यावर थाप मारून बघितली आणि म्हणाला, पाचच बरोबर, मी तेव्हाच म्हटलं होतं.

वरचं आवरण आम्ही पारदर्शक केलं, दोन अर्ध्या वाट्यांचं, उघडणारं; 'उघडणारा' म्हणून समितीला तेवढंच पुरलं. काटे म्हणून कपाटाच्या खणांना लावतात त्या लाकडी मुठी लावल्या, बहात्तर. तू लिहिलंस की ते आवरण विषाणूचं स्वतःचं नसतंच, ज्या पेशीत तो तयार होतो तिच्याच कातडीचा तुकडा पांघरून बाहेर पडतो. ते समितीला सांगितलं तर शिक्षिकाबाई म्हणाल्या, म्हणजे चोरच. आणि लगेच, मग चोराला डोळे काढा की, मुलांना कळेल. दोन तास मी डोळे नाहीत, डोळे नाहीत, म्हणत बसले. शेवटी अध्यक्षांनी मध्यम मार्ग काढला: एकच डोळा. मान हलवणाऱ्यांनी मान हलवली. त्या बैठकीत मी रडले नाही ही माझी थोरवी समज.

आता ऐक खरी गंमत. रंगाऱ्याने तीन हात दिले, रंग वाळला, पॉलिश झालं, समिती येऊन बघून गेली, सही करून गेली. त्यानंतर मी कपाट उघडलं तर धाग्याचं बंडल तसंच. आत धागा घालायचाच राहिला! कवच सरसाने कायमचं चिकटवून, ठोकून, रंगवून मोकळे झालो आणि आत रिकामं. ज्याच्यासाठी तो सगळा खटाटोप, ज्यात सगळ्या सूचना लिहिलेल्या, तोच धागा कपाटात. तू लिहिलंच आहेस, की रिकामी कवचंही तयार होतात, दिसायला हुबेहूब, पण ती कोणालाच आजारी पाडत नाहीत. ठोकळा म्हणतो, मग राहू दे, बरंच आहे की. समितीला कळणारही नाही. वरून काही दिसत नाही. मीही दोन दिवस म्हणतेय, राहू दे.

पाटीवरच्या शब्दाचं तू काही केलं नाहीस. एका शब्दात येत नाही म्हणे. बाहेर असताना नुसतं पुडकं, पेशीत शिरल्यावर तिच्याच यंत्रांवर स्वतःच्या हजारो प्रती काढून घेणारा. हे अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे सरकारी माणूस. पाटी अजून कोरीच आहे.

रंगाऱ्याच्या बायकोबद्दल तू लिहिलंस: "कांजिण्या झाल्याशिवाय नागीण होत नाही. दोन्हींचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मणक्याशेजारच्या मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन बसतो. तेव्हा त्याला ना कवच असतं ना आवरण, नुसता धागा. म्हणून शरीराला तो सापडत नाही. तीस-चाळीस वर्षांनी तोच तंतू धरून वर येतो. तिला झाल्या असणार. विसरली असेल."

इतकं ठासून लिहायची काय गरज होती? प्रत्येक गोष्टीत तुम्हा लोकांचं 'असणारच'. ती काही विसरभोळी बाई नाही. समज, झाल्या असतीलही, पण अगदी थोड्या. सहा-सात फोड, तेही पोटावर आणि पाठीवर, कपड्याखाली. एक दिवस अंगात कणकण. चौदा वर्षांच्या मुलीला काय कळतं कांजिण्या कुठल्या आणि घामोळं कुठलं? आणि कळलं तरी ती सांगेलच असं आहे का? घरात दुसरी शंभर कामं होती. तिने नाही सांगितलं. एवढ्यावरून तिच्या नावाने खडे फोडायला नकोत. तूही लगेच न्यायाधीश होऊ नकोस.

असो. तिचं तिच्यापाशी. मला सरसाचं पुरळ आलंय आणि चिडचिड होतेय, त्यात तुझं अक्षर डॉक्टरांसारखं.

दालनाचं उद्घाटन पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. आत्या येणार नाही, तिला जिने चढवत नाहीत. तेव्हा तुला कारण उरलेलं नाही.

तुझी,
ताई

•

रविवार, २९ मार्च

प्रिय भावा,

रंगाऱ्याला बायको नाही. त्याने लग्नच केलेलं नाही.

तुझी चिठ्ठी गुरुवारी मिळाली. पाच पानांनंतर अर्धं पान, त्यात एकच प्रश्न. "रंगाऱ्याच्या बायकोला आता डाव्या कुशीवर झोपता येतं का? औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं होतं ना?" मी ती चिठ्ठी वाचून इतकी चिडले की काय सांगू. पहिल्या पत्रात पाठीचं दुखणं मीच लिहिलं, दुसऱ्यात चौदा वर्षं मीच लिहिली, आणि राग तुझा आला, तू नीट वाचतोस म्हणून.

औषध वेळेवर सुरू झालं. फोड वाळले. झोपता येत नाही अजून, पण ते नुसत्या नागिणीमुळे नाही.

आता सांगते. मध्ये बोलू नकोस, म्हणजे कागद खाली ठेवू नकोस.

बाबा त्या वर्षी दुसऱ्या गावच्या कॉलेजात डोळा, कान आणि हृदय बसवायला जाणार होते. चार दिवसांचं काम होतं. वर्षभर मी त्यांच्या मागे लागले होते, मला न्या, मी स्क्रू धरीन, मी पुसून देईन. त्यांनी हो म्हटलं होतं. तूही जायचं म्हणून रडलास आणि तुला लहान आहेस म्हणून घरी ठेवलं, आठवतं? मालमोटारीमागे कोपऱ्यापर्यंत धावत आला होतास.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या पोटावर तीन आणि पाठीवर चार फोड होते. मला घामोळं वाटलं असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की ते जवळजवळ खरं झालंय. पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी दोन आठवड्यांपूर्वी कांजिण्यांनी घरी बसली होती. मी तिला बघायला खिडकीपाशी गेले होते. मला फोड कसे दिसतात ते माहीत होतं. आईला कळलं तर ती पाठवणार नाही, हेही माहीत होतं. म्हणून मी बंद गळ्याचं पोलकं घातलं आणि गेले.

चार दिवस मी आणि बाबा एका खोलीत राहिलो. त्यांनी मला ओळंबा कसा धरायचा ते शिकवलं. कानाची बिजागरी माझ्या हातून बसवून घेतली. परत येताना म्हणाले, कारखाना तुझ्या नावावर करायला हरकत नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले चार दिवस होते. ते असे मिळवलेले होते, आणि तरी ते चांगलेच होते. हे मला अडतीस वर्षांत कुठे ठेवता आलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. दोन आठवड्यांनी मंगळवारी तुला फोड आले आणि शुक्रवारी बाबांना. तुझ्या अंगावर तीळभर जागा उरली नव्हती, म्हणून सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. बाबांच्या फुफ्फुसात उतरल्या. आत्या म्हणाली, पोराने आणल्या. मी तिथेच उभी होते, तुम्हा दोघांची अंथरुणं करत. मला कोणी जवळ यायला मना केलं नाही, कारण मला काही होतच नव्हतं. आत्याने दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, मुलगी बघा, लोखंडाची आहे, दोघांचं करतेय आणि तिला साधा ताप नाही. मला का होत नाही ते मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून चादरी बदलत होते, आणि लोकांना तो विनय वाटला.

तू हा धंदा शिकलास त्या वर्षी तुला दिवस मोजता आले असणार. तुझ्याकडून बाबांना गेल्या असत्या तर मध्ये निदान दहा-पंधरा दिवस जायला हवे होते. तीन दिवसांत दोघांना आल्या म्हणजे दोघांना एकाच ठिकाणाहून आल्या. हे तुला वीस वर्षांपूर्वीच कळलं, नाही? मग त्या पंगतीत तू आत्याला उत्तर का दिलं नाहीस? ताटावरून उठताना तू आत्याकडे बघितलंच नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी तेव्हा पाण्याचा तांब्या शोधत होते. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की तू आत्यावर रुसून गेलास. किती सोयीचं.

मला तुझा या गोष्टीचा फार राग येतो. एकदा तरी ओरडायचंस. एकदा विचारायचंस, ताई, तुला झाल्या होत्या का? फोनवर 'हं' म्हणत बसलास आणि मी आईच्या गोळ्यांबद्दल बोलत बसले. पण हा राग खोटा आहे, हे लिहिताना मला दिसतंय. तुला विचारायची गरज नव्हती. सांगायची पाळी माझी होती.

काय काय केलं ते कळवते.

शुक्रवारी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की मला नागीण झाली होती. ठोकळ्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या आहेत, तीनदा विचारून घेतलं. रंगाऱ्याला झालेल्या नाहीत. त्याला तीन आठवडे रजा दिली आणि डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चौदाव्या वर्षी केलं ते बावन्नाव्या वर्षी पुन्हा करत होते, अंगभर कपडे घालून. तो बरा आहे. मी पत्रात परस्पर त्याचं लग्न लावून दिलं हे कळल्यावर मात्र फार भडकला, आणि बायको स्वभावाने कशी आहे ते विचारून गेला.

काल आईला सांगितलं. दुपारी, ती पिशवी घेऊन बसली होती तेव्हा. मला वाटलं ती रडेल, नाही तर मारेल, नाही तर म्हणेल जाऊ दे, लहान होतीस. तिने यातलं काहीच केलं नाही. खूप वेळ पिशवीचं झाकण घट्ट करत राहिली. मग म्हणाली, "त्यानंतर मी त्याला एकदाही कुशीत घेतलं नाही. नऊ वर्षांचा होता. निराळी गादी घालून द्यायचे." मी म्हटलं, आई, तू मुद्दाम नाही केलंस. तर म्हणाली, "मुद्दामच केलं. तू बोलली असतीस तर केलं नसतं."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी वाढते, ती जेवते. बरोबर आहे. पिशवी गळते असंही आता म्हणत नाही.

आत्याला कालच माणसाकरवी पत्र पाठवलं. त्याची नक्कल सोबत जोडली आहे, म्हणजे मी काय लिहिलं आणि काय गाळलं याचा तुला संशय नको. काही गाळलेलं नाही. आज तिचा फोन आला की आता जुनं उकरून काय मिळणार. मी म्हटलं, तुम्ही अडतीस वर्षं उकरत होतात तेव्हा हे विचारायला हवं होतं, आणि मीही तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने फोन ठेवला. उरलेल्या नातेवाइकांना ती स्वतःच सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही.

आणि तो विषाणू. काल संध्याकाळी मी आणि ठोकळ्याने तो फोडला. पॉलिश केलेला, सही झालेला. पटाशी लावून तीन त्रिकोण उचकटले, दोन चिरले. रंग गेला, एक डोळा गेला, ते बरंच झालं. आत धागा घातला, सगळाच्या सगळा, गुंडाळून. ठोकळा विचारत होता, बाहेरून दिसणार नाही तर एवढा आटापिटा कशाला? मी म्हटलं, रिकामा ठेवला तर तो खोटा आहे. त्याला या वेळी ऐकू आलं. समितीला आज कळवलंय की काम लांबेल. अध्यक्ष ओरडले. ओरडू देत. नवे तीन त्रिकोण मी बिजागरीवर बसवतेय, म्हणजे कोणालाही उघडून बघता येईल.

पाटीसाठी तुझंच वाक्य घेतलं, ते एका शब्दाचं नाही: बाहेर नुसतं पुडकं, आत शिरल्यावर जागं होणारं. अध्यक्ष त्यावरही ओरडणार आहेत.

तू ये, असं मी या वेळी लिहिणार नाही. तो हक्क मी गमावलाय. पण आई आज सकाळपासून माळ्यावरची मोठी गादी खाली काढून उन्हात टाकायला सांगतेय. मला नाही, ठोकळ्याला. दोघांची रुंद गादी आहे ती. कशाला, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं नाही. मी तुला सांगतेय.

तुझ्या दोन आठवडे आधी आजारी पडलेली,

ताई